विद्युत क्षेत्रातून जाणाऱ्या प्रभारित कणाचा मार्ग कसा काढावा

बारावीच्या भौतिकशास्त्राची तयारी करणारे नाशिकमधील अनेक विद्यार्थी विद्युत क्षेत्राचे सूत्र बिनचूक सांगतात. मात्र कणाचा मार्ग काढायची वेळ आली की तो थेट क्षेत्ररेषेवरूनच रेखाटतात. क्षेत्ररेषा फक्त बलाची दिशा दाखवते आणि कण कोणत्या वाटेने जाईल हे त्याला आधीच असलेल्या वेगावरही अवलंबून असते. स्थिर अवस्थेतून सुटलेला कण क्षेत्ररेषा धरून जातो, तोही ती रेषा सरळ असेल तरच.

म्हणून आकडे मांडण्याआधी आकृती काढावी. दोन आडव्या समांतर पट्टिका घ्याव्यात, वरची धन आणि खालची ऋण. क्षेत्र वरून खाली जाते, परंतु इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण असल्याने त्याच्यावरील बल वरच्या दिशेने असते. ही दिशा बाणाने दाखवून मगच पुढे जावे, कारण चिन्हाची चूक शेवटपर्यंत सोबत येते.

समजा, पट्टिकांची लांबी ५ सेंटीमीटर, त्यांतील अंतर २ सेंटीमीटर आणि विभवांतर १०० व्होल्ट आहे. विभवांतराला अंतराने भागल्यास क्षेत्र मीटरला ५,००० व्होल्ट येते. इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचे वस्तुमानाशी गुणोत्तर किलोग्रॅमला सुमारे १७६ अब्ज कूलोम असते. त्याने क्षेत्राला गुणले की त्वरण मिळते. ते गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ९० लाख कोटी पट भरते, त्यामुळे येथे इलेक्ट्रॉनचे वजन निश्चिंतपणे सोडून द्यावे.

यानंतर गतीचे दोन घटक वेगळे करावेत. पट्टिकांमध्ये शिरण्यापूर्वी इलेक्ट्रॉनला १,००० व्होल्टने गती दिली असेल, तर त्याचा आडवा वेग सेकंदाला सुमारे १ कोटी ८८ लाख मीटर असतो. आडव्या दिशेत बल नसल्याने तो बदलत नाही आणि ५ सेंटीमीटर पार करण्यास सुमारे २.७ नॅनोसेकंद लागतात. उभ्या दिशेत मात्र कण शून्य वेगापासून एकसमान त्वरणाने निघतो. त्वरणाला काळाच्या वर्गाने गुणून निम्मे केले की विचलन सुमारे ३.१ मिलीमीटर येते. कण दोन्ही पट्टिकांच्या मधोमध शिरला असेल, तर वरची पट्टिका १० मिलीमीटरवर असल्याने तो तिला न धडकता बाहेर पडतो. ही पडताळणी कधीही टाळू नये. पट्टिकांमधील मार्ग गच्चीवरून आडव्या फेकलेल्या चेंडूप्रमाणे अन्वस्त असतो, फक्त उलट, वरच्या बाजूला वळलेला. बाहेर क्षेत्र नसल्याने कण सरळ रेषेत जातो आणि ती रेषा मागे वाढवल्यास पट्टिकांच्या मध्यबिंदूतून येते. त्यामुळे मध्यापासून २० सेंटीमीटरवरील पडद्यावर ठिपका २.५ सेंटीमीटर वर सरकलेला दिसतो.

आता सूत्रात वेगाच्या जागी गती देणारे विभवांतर ठेवून पाहावे. प्रभार आणि वस्तुमान दोन्ही निघून जातात! म्हणजेच तितक्याच व्होल्टने, विरुद्ध दिशेच्या विभवांतरातून आलेला प्रोटॉन तेवढाच, पण खाली वळेल. त्याला वेळ मात्र सुमारे ४३ पट लागेल. या प्रकरणातील सर्वांत सुंदर निष्कर्ष मला हाच वाटतो. केवळ अशा विचलनावरून कण ओळखता येत नाही, म्हणूनच १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी विद्युत क्षेत्रासोबत चुंबकीय क्षेत्रही वापरले आणि प्रभार-वस्तुमान गुणोत्तर काढले.

ही रीत निर्वातातच लागू पडते. एकलहऱ्यासारख्या कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीज केंद्रात धुरातील राखेचे कण ऋणप्रभारित करून भूसंपर्कित पट्ट्यांकडे ओढले जातात. तेथे वायूचा रोध इतका असतो की कणाचे त्वरण क्षणात संपते आणि पट्टीकडे जाण्याची त्याची चाल जवळजवळ स्थिर होते. अशा उदाहरणात अन्वस्ताचे सूत्र बाजूला ठेवून विद्युत बल आणि रोधबल समान मांडावे आणि त्यावरून ती चाल काढावी.