वाचनालयाच्या संगणक सेवेचे मोजमाप कसे करावे आणि त्यातून ती कशी सुधारावी

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि पुढे शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळू लागले. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासदसंख्या यांसारख्या गोष्टींवरून, आणि अनुदानही वर्गानुसारच मिळते. त्यामुळे या गोष्टी मोजण्याची सवय आपल्या ग्रंथपालांना आणि कार्यकारी मंडळांना चांगली आहे. संगणक आणि इंटरनेटच्या बाबतीत मात्र वार्षिक अहवालातली ‘संगणक : ४’ एवढी नोंद पुष्कळदा पुरेशी समजली जाते. त्या चारांपैकी किती चालू होते, त्यांवर बसलेल्या वाचकाचे काम झाले की तो तसाच परत गेला, हे अहवाल वाचून कळत नाही. हे कळावे यासाठी वाचनालयाने स्वतःचे मापदंड ठरवून घ्यायला हवेत, आणि लहान वाचनालयालाही ते पैसे खर्च न करता जमण्यासारखे आहे.

अमेरिकेत २०१० नंतरच्या दशकात गेट्स फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने ‘एज’ नावाचा मापदंडांचा संच सार्वजनिक ग्रंथालयांसाठी तयार झाला आणि त्याची धुरा अर्बन लायब्ररीज कौन्सिलने सांभाळली. त्यात ११ मापदंड असून त्यांचे तीन गट आहेत : लोकांना होणारा उपयोग, समाज व निर्णय घेणारे यांच्याशी असलेला संबंध, आणि संस्थेचे अंतर्गत व्यवस्थापन. तिथली ग्रंथालये, तिथला निधी आणि तिथले इंटरनेट वेगळे असल्यामुळे हा संच जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. पण त्यातला क्रम घेण्यासारखा आहे. लोकांना काय मिळाले हा प्रश्न आधी येतो आणि यंत्रांची मोजदाद नंतर.

पहिली पायरी : दोन आठवड्यांची वही

देवघेवीच्या टेबलावर एक साधी वही ठेवावी आणि संगणकासाठी आलेल्या प्रत्येकाची एका ओळीत नोंद करावी. रकाने चारच असावेत : काय काम होते, झाले का, किती वेळ लागला, झाले नसल्यास का नाही. वाचकाचे नाव लिहू नये, कारण इथे माणूस मोजायचा नसून सेवा मोजायची आहे. ‘सातबारा उतारा – झाला – २० मिनिटे’. ‘अकरावी प्रवेशाचा अर्ज – झाला नाही – फोटोचा आकार कमी करता आला नाही’. ‘परीक्षेचे हॉल तिकीट – झाले नाही – प्रिंटरची शाई संपली’ अशा धर्तीच्या नोंदी असाव्यात. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. आपल्याकडे नवा संगणक घेण्याचा ठराव चटकन होतो, पण वाचकांची खोळंबणारी कामे शाई, लॉगिनचा विसरलेला पासवर्ड किंवा शेजारी उभे राहून सांगणारे कोणी नसणे यांमुळे अडलेली असतील, तर नव्या यंत्राने ती सुटणार नाहीत.

दुसरी पायरी : पाच-सहा मापदंड निवडणे

वहीतून जे दिसले त्यावरून पाच किंवा सहाच मापदंड ठरवावेत. प्रत्येकाचे उत्तर आकड्यात किंवा ‘हो / नाही’मध्ये देता आले पाहिजे, मोजण्याची रीत लिहून ठेवलेली असली पाहिजे आणि मोजणारी व्यक्ती नेमून दिलेली असली पाहिजे. ‘सेवा समाधानकारक असावी’ हा मापदंड होत नाही. ‘संगणकासाठी आलेल्या दर दहा वाचकांपैकी किमान आठ जणांचे काम त्याच भेटीत पूर्ण व्हावे’ हा होतो.

यंत्रांच्या उपलब्धतेचा मापदंड काढायला सोपा आहे. चार संगणक रोज सहा तास याप्रमाणे महिन्याचे २५ दिवस खुले असतील, तर एकूण ६०० तास होतात. त्यांतले दोन संगणक दहा दिवस बंद राहिले, तर १२० तास गेले आणि उपलब्धता ८० टक्के राहिली. वीज गेल्याचे तासही यात धरावेत, कारण वाचकाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. सहा महिन्यांत ही टक्केवारी ९५ पर्यंत न्यायची, असे लक्ष्य ठेवता येईल. असे आकडे समोर आले की दुरुस्तीच्या वार्षिक कराराचा किंवा इन्व्हर्टरचा विषय मंडळापुढे मांडणे ग्रंथपालाला सोपे जाते.

तिसरी पायरी : तालिकेची (संगणकावरील ग्रंथसूचीची) परीक्षा

ज्या वाचनालयांनी एनआयसीचे (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे) ई-ग्रंथालय किंवा कोहा यांसारखी ग्रंथालयाच्या कामाची संगणकप्रणाली घेतली आहे, त्यांनी ही परीक्षा अवश्य करावी. (कोहा ही मुक्त प्रणाली २००० साली न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयातच प्रथम सुरू झाली, हे आपल्या ग्रंथपालांना उमेद देणारे आहे.) कपाटातून कोणतीही वीस मराठी पुस्तके काढावीत आणि प्रणालीची माहिती नसलेल्या एखाद्या सभासदाला ती तालिकेत शोधायला सांगावीत. वीसपैकी किती सापडली, हा आपला आकडा.

मराठी तालिकेत हा आकडा अपेक्षेपेक्षा कमी येण्याची कारणे ठरलेली आहेत. जुन्या नोंदी युनिकोड ही अक्षरांची प्रमाण पद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेल्या असतील, तर त्या पडद्यावर कदाचित दिसतील, पण शोधात येणार नाहीत. एकच आडनाव कुठे ‘कुलकर्णी’ तर कुठे ‘कुळकर्णी’ असे पडते. आद्याक्षरांनंतर टिंबापुढे कोणी जागा सोडतो, कोणी सोडत नाही. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकता येतो आणि डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द संगणकाला वेगळा वाटू शकतो. यावर उपाय म्हणजे लेखकनावांची एक प्रमाण यादी करून नोंद करणाऱ्या प्रत्येकाने तीच वापरणे. सगळ्या नोंदी एकदम सुधारायला जाऊ नये, त्यात उत्साह संपतो. देवघेवीत जे पुस्तक येईल त्याची नोंद त्याच दिवशी तपासावी. म्हणजे ज्यांना मागणी आहे ती पुस्तके आधी दुरुस्त होतात.

चौथी पायरी : वेग, खासगीपणा आणि सुगम्यता

इंटरनेटचा वेग राऊटरजवळ मोजून उपयोग नाही. अभ्यासिकेच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यात, गर्दीच्या वेळी, आठवड्यातून दोनदा मोजावा आणि तोच आकडा लिहावा.

खासगीपणाकडे मात्र अधिक लक्ष द्यायला हवे. सार्वजनिक संगणकाचा डाउनलोडचा फोल्डर उघडून पाहावा : लोकांची आधारकार्डे, गुणपत्रिका, बँकेची पासबुके तिथे पडलेली असतील, तर ती पुढच्या माणसाच्या हाती सहज लागू शकतात. वापर संपताच सर्व फायली आणि लॉगिन आपोआप पुसले जातात का, याला ‘हो’ हे एकच उत्तर चालते. ग्रंथपाल शाईवर तडजोड करू शकतो, यावर नाही.

सुगम्यतेसाठी किमान एका संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर दृष्टिहीनांना वाचून दाखवणारा प्रोग्राम) बसवावा. त्यासोबत येणाऱ्या आवाजांत मराठी आहे. तो बसवला म्हणून ‘हो’ लिहू नये. एखाद्या दृष्टिहीन वाचकाला बोलावून त्याच्याकडून तालिकेतले एक पुस्तक शोधून घ्यावे आणि मगच लिहावे.

पाचवी पायरी : मंडळापुढे मांडणी आणि फेरमोजणी

सर्व आकडे एका पानावर घ्यावेत : मापदंड, आजची स्थिती, सहा महिन्यांनंतरचे लक्ष्य, जबाबदार व्यक्ती. त्यातून प्रथम अशी कामे घ्यावीत ज्यांना खर्च नाही, उदाहरणार्थ फोटोचा आकार कमी करण्याच्या पायऱ्या मराठीत छापून संगणकाशेजारी लावणे, किंवा अर्ज भरण्याच्या हंगामात एका कर्मचाऱ्याची संध्याकाळची वेळ त्यासाठी राखून ठेवणे. देणगीदारांकडे किंवा नगरपालिकेकडे जाताना हेच पान सोबत न्यावे. ‘संगणक द्या’ या विनंतीपेक्षा ‘गेल्या महिन्यात १२० तास संगणक बंद राहिले आणि इतके अर्ज अडले’ हे सांगणे त्यांना अधिक पटते.

सहा महिन्यांनी त्याच रीतीने पुन्हा मोजावे. रीत बदलली तर तुलना बाद होते. तुलना मुख्यतः आपल्याच मागच्या आकड्यांशी करावी. इतरांशी करायचीच असेल, तर जिल्हा ग्रंथालय संघामार्फत आपल्याच वर्गाच्या तीन-चार वाचनालयांनी एकच वही वापरायचे ठरवावे, कारण तालुक्याच्या ‘अ’ वर्गाशी खेड्यातल्या ‘ड’ वर्गाची तुलना कोणालाच काही शिकवत नाही. जो मापदंड सलग दोन मोजण्यांत लक्ष्याच्या वर राहिला, तो वर्षातून एकदाच तपासावा आणि त्याच्या जागी वहीत वारंवार दिसणारी पुढची अडचण घ्यावी.