महिला साक्षरता वर्ग आणि बालपणीच्या जखमा : मराठवाड्यातील मंडळ्यांसाठी मार्गदर्शन

ज्या ख्रिस्ती मंडळीला (चर्चला) आपल्या गावात महिलांचा साक्षरता वर्ग सुरू करायचा आहे, तिने पाटी-खडू आणण्यापूर्वी पाळक आणि भगिनी मंडळ यांच्या बैठकीत एक गोष्ट लिहून ठरवावी : वर्गात बसण्यासाठी उपासनेला येण्याची, प्रार्थना म्हणण्याची किंवा घरातले देव काढण्याची अट राहणार नाही, आणि जी बाई ख्रिस्ताविषयी कधीच विचारणार नाही तिलाही शेवटच्या धड्यापर्यंत तितक्याच आस्थेने शिकवले जाईल. आपण कोण आहोत हे मात्र लपवू नये. सरपंच, अंगणवाडीताई आणि बायकांच्या घरची माणसे यांना पहिल्याच भेटीत सांगावे की आम्ही ख्रिस्ती मंडळीतर्फे आलो आहोत, वर्ग सर्वांसाठी आहे आणि कोणी विचारले तर आमच्या विश्वासाबद्दल मोकळेपणाने बोलू. राज्यघटनेच्या २५व्या कलमाने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. पण तेच कलम समोरच्या बाईच्या सदसद्विवेकालाही जपते. जिच्या डोक्यावर मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या पैशांचे ओझे आहे, तिच्यापुढे धान्य किंवा शिवणयंत्र ठेवून श्रद्धेचा विषय काढणे हा तिच्यावर अन्याय आहे, असे मी स्पष्टपणे मानते.

या कामाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि स्त्रियांना आणले. केडगावच्या मुक्ती सदनात अशा मुलींना अन्न, निवारा, शाळा आणि हाताला काम मिळाले. पुढे रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेही कमी शिकलेल्या बायकांना कळावे अशा साध्या शब्दांत. आधी पोट आणि डोक्यावरचे छप्पर, मग अक्षर, मग देवाचे वचन, हा क्रम आपणही सोडू नये.

वर्गाचे वेळापत्रक शेतीच्या वर्षावर बेतावे. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार अशा तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर कोयत्याची जोडपी ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणून परतल्यापासून पेरणीपर्यंतचे दिवस रोजच्या वर्गासाठी राखावेत, खुरपणीच्या काळात आठवड्यातून दोन संध्याकाळी बसावे, आणि बायका कोप्यांवर, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपड्यांत राहायला गेल्या की प्रत्येकीबरोबर एक वही आणि त्याच टोळीतली थोडे वाचू शकणारी सोबतीण असेल अशी व्यवस्था करावी. जागा शक्यतो चर्चची नसावी. समाजमंदिर किंवा एखादीची ओसरी बरी, पण त्या ओसरीवर सर्व जातींच्या बायका एकाच सतरंजीवर बसतील याची खात्री आधी करून घ्यावी. चाळिशी ओलांडलेल्या बाईला अक्षर ‘येत नाही’ असे वाटते तेव्हा अनेकदा तिला ते दिसतच नसते. पहिल्याच आठवड्यात डोळे तपासून जवळचे पाहण्याचा चष्मा मिळवून दिला, तर गळती बरीच थांबते.

शिकवण्याची सुरुवात बाईच्या स्वतःच्या नावापासून करावी, कारण अंगठ्याऐवजी सही करता येणे ही तिची पहिली मागणी असते. त्यानंतर तिच्या जगातला एक शब्द घ्यावा. ‘काम’ हा शब्द फोडला की ‘का’ आणि ‘म’ हाती येतात. त्यांतून ‘काका’, ‘मामा’, ‘मका’ असे ओळखीचे शब्द तासाभरात वाचता येतात. बाराखडी पाठ करून घेण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक परिणामकारक वाटतो. आकडे शिकवताना बचत गटाचे पासबुक, उसाच्या टनांची नोंद आणि उचलीचा हिशेब वापरावा. केंद्र सरकारचा ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी असून १५ वर्षांवरील कोणालाही त्यात नाव नोंदवता येते. त्याची परीक्षा वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५० अशी एकूण १५० गुणांची असते. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बायकांची नोंदणी करून द्यावी, म्हणजे प्रमाणपत्रासाठी त्या आपल्या मंडळीवर अवलंबून राहणार नाहीत.

पुढचे वाचनपाठ बायकांच्या तोंडच्या वाक्यांतून तयार करावेत. एक बाई बोलते, शिकवणारी ताई ते फळ्यावर लिहिते, आणि सगळ्याजणी तेच वाचतात. ‘मह्या हातची पाटी गेली, कोयता आला’ असे कोणी म्हणाली, तर ‘मह्या’चे ‘माझ्या’ करण्याची घाई करू नये. आधी तिचे बोल तसेच लिहावे आणि प्रमाण रूप दुसऱ्या दिवशी शेजारी मांडावे. जात्यावरच्या ओव्या तर मोठ्या बायकांना मुखोद्गत असतात, त्या लिहून दिल्या की अक्षर ओळखण्याआधीच पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर येतो.

नेमके याच टप्प्यावर बालपण वर येते, आणि त्यासाठी शिकवणाऱ्यांची आधी तयारी झालेली असली पाहिजे. भावंडे सांभाळायला शाळेतून काढलेली, तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न झालेली, दुष्काळात वडिलांनी जीव दिल्याचे पाहिलेली, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घर गमावलेली मुलगी आज आपल्यासमोर पाटी घेऊन बसलेली असते. भूकंपात जी आठ वर्षांची होती ती आता चाळिशीपुढे आहे, आणि दार जोरात आपटले की तिचा हात आजही थरथरत असेल. अशा वेळी वर्ग हळूच गाण्याकडे वळवावा, तिच्याजवळ एकीने बसावे, पाणी द्यावे, पाय जमिनीवर टेकवून सावकाश श्वास घ्यायला सांगावे. पुढे काय झाले, कोणी केले, असे खोदून विचारू नये. तिने आपणहून सांगितले तर मध्ये न बोलता ऐकावे. ‘विसरून जा’, ‘देवाची इच्छा’ आणि ‘क्षमा कर’ ही वाक्ये मंडळीत फार लवकर उच्चारली जातात. त्यांपैकी क्षमेचे वाक्य सर्वांत जास्त घाव करते, कारण जिचा आक्रोश अजून कोणी ऐकलेला नाही तिच्यावरच नवे ओझे चढते. तिच्या त्रासाला भूतबाधा म्हणू नये, परवानगीशिवाय डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू नये आणि चालू असलेले औषध कधीही बंद करायला सांगू नये.

वर्गाला आलेल्या बायकांची लेकरे बाहेर खेळत असतात, त्यांच्यासाठी दुसरी ताई हवी. अंथरूण ओले होणे, झोपेत दचकणे, आईला क्षणभरही न सोडणे, अचानक मुके होणे किंवा मारकुटे होणे ही लेकराच्या मनावर आघात झाल्याची खूण असू शकते. लेकरांना बोलते करण्याचा प्रयत्न न करता रोज त्याच वेळी तोच खेळ, तेच गाणे आणि खडूने चित्रे काढणे इतकेच ठेवावे, कारण ठरलेला क्रम आणि न ओरडणारे मोठे माणूस यांतूनच त्यांना पुन्हा सुरक्षित वाटू लागते. मात्र ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन लेकराला कधीही देऊ नये. २०१२च्या पोक्सो कायद्याच्या १९व्या कलमानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि आरोपी मंडळीतला वडीलधारा असला तरी प्रकरण आपसात मिटवणे हा गुन्ह्याला दिलेला आसरा ठरतो. मदतीसाठी बालकांचा क्रमांक १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेले असावेत. बायकांना आकडे वाचता येऊ लागले की ते आपोआप पाठ होतात.

ज्यांना पवित्र शास्त्र वाचायची इच्छा आहे त्यांच्यासाठी वेगळा वार आणि वेगळी जागा ठेवावी. तेथे वाळवंटात एकटी पडलेली हागार, भावांनी विकलेला योसेफ यांच्या कथा आधी घ्याव्यात, आणि मग १३वे स्तोत्र वाचावे. त्या स्तोत्रात दावीद ‘किती वेळ’ असा प्रश्न परमेश्वराला पुन्हा पुन्हा विचारतो, तक्रार मांडतो, साहाय्य मागतो आणि शेवटी भरवसा व्यक्त करतो. याच चालीवर प्रत्येकीने आपला विलाप दोन-चार ओळींत लिहावा, ओवीत लिहिला तर फारच उत्तम. आणि एखादीची लेखणी तक्रारीवरच थांबली, तर भरवशाची ओळ तिच्याकडून आग्रहाने लिहून घेऊ नये, कारण ८८वे स्तोत्रही अंधारातच संपते. ती वही तिची आहे. तिने स्वतः सुचवल्याखेरीज तिच्यातले काही उपासनेत साक्ष म्हणून वाचू नये, देणगीदारांना पाठवू नये, त्या पानाचा फोटो काढू नये. आणि वही घरी ठेवणे तिला धोक्याचे वाटत असेल, तर वर्गातल्या पेटीत ठेवून पेटीची किल्ली तिच्याच हाती द्यावी.