नाचणारा आरपीएम काटा: मीटर उघडण्याआधी या चुका टाळा

जुन्या गाडीचा आरपीएम काटा (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा) थरथरायला लागला की बहुतेकांचे हात आधी डॅशबोर्डकडेच वळतात. मीटर बाहेर काढला जातो, उघडला जातो, शेवटी दुसरा मागवला जातो. तो बसवल्यावरही काटा तसाच नाचतो. आजार रेड्याला, औषध पखालीला.

काटा खोटं बोलतोय हे आधीच धरून चालणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वायरवर चालणारा टॅकोमीटर, म्हणजे हाच आरपीएम मीटर, इग्निशनचे ठोके मोजतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात दोन ठिणग्या पडतात, म्हणजे 3000 आरपीएमला सेकंदाला 100 ठोके. ठोके मध्येच गायब झाले तर काटा पडणारच, त्यात मीटरचा काय दोष?

म्हणून आधी कान इंजिनकडे लावा. गाडीने झटका दिला आणि त्याच क्षणी काटा शून्याकडे कोसळला, तर दोष लो-टेन्शन, म्हणजे इग्निशनच्या कमी व्होल्टेजच्या बाजूला आहे: इग्निशन स्विच, कॉइलचे जोड, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर. इंजिन झटके देतंय पण काटा स्थिर आहे, तर प्लग वायर, रोटर, डिस्ट्रिब्युटर कॅप किंवा पेट्रोलचा पुरवठा बघा. इंजिन लोण्यासारखं चालतंय आणि काटा एकटाच नाचतोय, तेव्हाच मीटर आणि त्याच्या वायरिंगवर संशय घ्यायचा.

लो-टेन्शन बाजूला एक जागा हमखास नजरेतून सुटते. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटपर्यंत जाणारी एक छोटी मऊ वायर असते. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्समुळे (इंजिनाच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणारी यंत्रणा) पॉइंटची प्लेट फिरते तशी ही वायर दर वेळी वाकते. वर्षानुवर्षं वाकून आतली तांब्याची तार तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. आयडलला तुटलेली टोकं चिकटून असतात, अ‍ॅक्सिलरेटर दिला की सुटतात. वायर हलकेच ओढून बघा. रबरासारखी ताणली गेली तर आत काही उरलेलं नाही. तरीही शंका असेल तर इंजिन बंद ठेवून वायरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा आणि प्लेट हाताने मागेपुढे फिरवा; जोड मध्येच तुटला तर वायर गेलीच. प्लेटला अर्थ (गाडीच्या धातूच्या बॉडीशी जोड) देणारी दुसरी छोटी वायर असते, तिचीही हीच तपासणी करा. पॉइंटची गॅप बघायची तर ती लुकास कंपनीच्या अनेक डिस्ट्रिब्युटरमध्ये 0.35 ते 0.40 मिलिमीटर असते. पॉइंटची स्प्रिंग ढिली असेल तर वरच्या रेव्हला पॉइंट उड्या मारतात आणि मीटरला जास्तीचे ठोके मिळतात.

केबलवर चालणाऱ्या मीटरचं प्रकरण वेगळं. तिथे फिरणारं चुंबक अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीला ओढतं आणि बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. काटा कमी रेव्हला डुलतो आणि वर गेला की शांत होतो, तर केबल कोरडी आहे किंवा कुठेतरी मुरडली आहे. इथली नेहमीची चूक म्हणजे ग्रीसचा मारा. जास्तीचं ग्रीस वर चढून मीटरमध्ये जातं आणि काटा चिकटतो. हात राखून लावा, मीटरकडचा वीतभर भाग जवळजवळ कोरडाच ठेवा. केबलला तीव्र वळणही देऊ नका.

अर्थिंगची चाचणी पाच मिनिटांची आहे, तरी लोक ती सगळ्यात शेवटी करतात. हेडलाइट किंवा इंडिकेटर लावल्यावर काटा हलत असेल तर मीटरच्या अर्थ जोडापासून बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत एक तात्पुरती वायर टाका. काटा शांत झाला तर रोग सापडला. मीटरची सिग्नल वायर प्लग वायरींना खेटून जात असेल तर ती लांब न्या. तांब्याच्या साध्या प्लग वायरींऐवजी रेझिस्टन्स असलेल्या वायरी लावल्यावरही कधीकधी नाच थांबतो. स्मिथ्स कंपनीचे मीटर असलेल्या ब्रिटिश गाड्यांत काही जण व्होल्टेज स्टॅबिलायझर बदलून मोकळे होतात. तो 10 व्होल्ट देतो ते पेट्रोल आणि तापमानाच्या मीटरला. टॅकोमीटरचा त्याच्याशी संबंध नाही.

नंतर इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर मीटर कोणत्या जातीचा आहे हे डायलवर वाचा. स्मिथ्सच्या डायलवर आरव्हीआय लिहिलं असेल तर तो कॉइलकडे जाणाऱ्या वायरमधला करंट ओळखतो. ती वायर मीटरमागच्या वेटोळ्यातून जाते. वेटोळ्याची दिशा उलटली किंवा क्लिप ढिली बसली तर काटा मनाला येईल ते दाखवतो. आरव्हीसी असेल तर कॉइलच्या ऋण टोकावरून सिग्नल लागतो. एकाची जोडणी दुसऱ्याला चालत नाही. पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेली) गाडी निगेटिव्ह अर्थ करताना जुना मीटर आतून न बदलता जोडणं तर सरळ आत्मघात. मल्टिस्पार्क बॉक्स (एका वेळी अनेक ठिणग्या देणारा) असेल तर सिग्नल कॉइलवरून घेऊ नका, बॉक्सच्या टॅको आउटपुटवरून घ्या. इंजिन चालू असताना कॉइलच्या ऋण टोकाला हात लावू नका, तिथे काहीशे व्होल्टचे झटके उसळतात.

मीटरच्या पाठीमागचा कॅलिब्रेशनचा स्क्रू सगळ्यांनाच खुणावतो. तो फक्त कायमची चूक सुधारतो, नाचणं थांबवत नाही. सहा सिलिंडरचा मीटर चार सिलिंडरच्या गाडीत बसवला तर 3000 ऐवजी 2000 दाखवेल, पण स्थिर दाखवेल. तेव्हा काटा स्थिर झाल्यावर, इंजिन गरम असताना, आरपीएम दाखवणाऱ्या टायमिंग लाइटने 1000 आणि 3000 वर ताडून बघा. दोन्हीकडे फरक त्याच प्रमाणात येत असेल तरच स्क्रूला हात लावा, आणि फिरवण्याआधी त्याची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा.