मोठ्या फुटबॉल क्लबच्या अकादमीत निवड झाल्यावर: पहिली दीड वर्षं

निवड झाली, पेढे वाटून झाले. आता आधी एक कागद घ्या आणि पोरगा सध्या किती संघांकडून खेळतोय ते लिहून काढा. पुण्यात चौदा-पंधराचा बरा खेळाडू एका वेळी चार ठिकाणी धावत असतो: अकादमी, शाळेचा संघ, पीडीएफए (पुणे जिल्हा फुटबॉल संघटना) लीगमधला जुना क्लब आणि रविवारी सोसायटीतल्या कोणीतरी लावलेली टर्फवरची मॅच. प्रत्येक कोचला फक्त आपला वाटा दिसतो, बेरीज कोणीच करत नाही. या वयातल्या निम्म्या तक्रारी तिथून सुरू होतात, म्हणून ती बेरीज करणारा एक माणूस ठरवा. बहुतेक घरांत ते काम आई किंवा बाबांकडेच येतं.

वही

दोनशे पानी वही पुरते. रकाने पाच: तारीख, किती मिनिटं, किती दमला (1 ते 10), झोप किती तास, कुठे दुखतंय. दमण्याचा आकडा सराव संपल्यावर वीस-तीस मिनिटांनी विचारा, कारण शिट्टी वाजताक्षणी विचारलं की शेवटच्या स्प्रिंटचाच आकडा येतो. आकडा पोरानेच द्यायचा. "आठ काय, सहा म्हण" असं करायचं नाही. मिनिटं गुणिले दमणं म्हणजे त्या दिवसाचा भार.

साधा आठवडा असा दिसतो: मंगळवारी 90 मिनिटं × 6 = 540, बुधवारी 75 × 5 = 375, गुरुवारी 90 × 7 = 630, शनिवारी हलकं 60 × 3 = 180, रविवारी सामना 70 × 9 = 630. एकूण 2355. याच आठवड्यात शाळेचा सामना (60 × 8 = 480) आणि टर्फ (60 × 7 = 420) घुसले की बेरीज 3255 होते, म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के उडी. पोरगा त्या आठवड्यात छान खेळतो. दुखणं येतं पुढच्या दोन-तीन आठवड्यांत, आणि तेव्हा सगळे बूट बदलायला निघतात.

आठवड्याची बेरीज मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून बघा. दहा-पंधरा टक्के वाढ चालते. दीडपटीकडे जायला लागली की आधी टर्फ कापा, मग जुना क्लब. शेजारी काय म्हणतील याचा विचार नंतर. अंगवळणी पाडायचा आणखी एक ढोबळ नियम: आठवड्यातले खेळाचे एकूण तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. चौदाव्या वर्षी चौदा तास ही वरची हद्द आहे, ती गाठायलाच हवी असं नाही.

प्रवासही वहीत लिहा. कात्रजहून बालेवाडीला संध्याकाळच्या गर्दीत जाऊन येणं म्हणजे दोन-अडीच तास, आठवड्यात तीनदा. हा वेळ झोपेतून जातो. चौदा ते सतरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. साडेदहा ते सहा झोपणारा पोरगा रोज साडेसातवर असतो. सरावाच्या दिवशी रात्रीचा क्लास ठेवू नका. तो बिनसरावाच्या दिवसांवर ढकला.

उंची वाढतेय तेव्हा

दर तीन महिन्यांनी सकाळी, अनवाणी, त्याच भिंतीला लावून उभी उंची मोजा. मग स्टुलावर बसवून बसलेली उंची (स्टुलाची उंची वजा करून) आणि वजन. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरच्या आसपास वाढ दिसली की झपाट्याची वाढ सुरू झाली असं धरा. मुलांत ती साधारण तेरा-चौदाच्या सुमारास येते, मुलींत दोनेक वर्षं आधी. पण पुढे-मागे खूप होतं.

या काळात पहिला टच (आलेला चेंडू पायात घेणं) जातो, पास कमी पडतो, पोरगा उगाच घसरतो. पाय लांब झालेत आणि मेंदूला अजून नवं माप सवयीचं झालेलं नाही, इतकंच. कोच म्हणतात "फॉर्म गेला", आणि पोरगा बेंचवर जातो. नेमक्या त्याच वेळी त्याला चेंडू जास्त हवा असतो. उड्या, सलग स्प्रिंट आणि एका जागी उभं राहून पन्नास शॉट मारणं कमी करा. चेंडूवरचं काम, छोट्या जागेतला खेळ चालू ठेवा.

गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा दुखतो (ऑसगुड-श्लाटर) किंवा टाच मागून दुखते, तेव्हा ते नाटक नसतं. वाढत्या हाडाच्या जोडावर स्नायू ओढत असतो. दहापैकी तीनपर्यंत दुखत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चालताना लंगडत नसेल तर हलका सराव चालतो. लंगडला तर थांबवा आणि हाडांच्या किंवा स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवा. स्प्रे मारून मैदानात सोडण्याचा उद्योग करू नका. डोक्याला मार लागल्यावर तर त्या दिवशी परत खेळायचंच नाही, सामना फायनल असला तरी.

वयोगट 1 जानेवारीला कापला जातो. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच संघात, आणि त्यात एकाला मिशी फुटलेली. मोठा पोरगा अंगावर जिंकतो, त्यामुळे त्याला पायाने विचार करायची गरजच पडत नाही. त्याला आठवड्यातला एक सराव वरच्या गटासोबत द्या. छोट्याला सोळा-सतरापर्यंत वेळ द्या. निर्णय घाईने घेणारी अकादमी याच मुलांना हातातून घालवते.

दाखल्यावर वर्ष कमी करून आणलेल्या मुलाबद्दल एवढंच: डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचं वय काढतात, टीडब्ल्यू3 म्हणतात त्या पद्धतीने. त्यातून निसटला तरी तो दोन वर्षं लहान मुलांना ढकलून पुढे गेलेला असतो, आणि अठराव्या वर्षी ढकलायला कोणी उरत नाही.

सरावात काय मागायचं

कोचकडे दर सहा आठवड्यांनी वीस मिनिटं मागा आणि दोनच गोष्टी ठरवून घ्या. "सगळंच सुधारायला हवं" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. समजा विंगर (कडेने खेळणारा) आहे: एक, डावा पाय, दोन, चेंडू येण्याआधी मान वळवून मागे बघणं. दुसरी गोष्ट मोजता येते. सामन्याचा वीस मिनिटांचा व्हिडिओ फोनवर घ्या. प्रत्येक पास येण्याआधी त्याने किती वेळा मागे पाहिलं ते मोजा. शून्य येत असेल तर पाच मीटर पुढे पळण्याचा वेग फुकट आहे.

डाव्या पायाला भिंत लागते. पाच-सहा मीटरवरून एका टचमध्ये, पन्नासचे तीन संच, आठवड्यात चार दिवस. पार्किंगची भिंत उत्तम. सोसायटीच्या सेक्रेटरींशी आधी बोलून घ्या, दुपारी दोन ते चार तर अजिबात नको. पोझिशन सोळापर्यंत पक्की करू नका.

सरावाआधी फिफा 11 प्लस (दुखापती टाळण्यासाठीचा वॉर्म-अप) करून घेत नसतील तर घ्यायला सांगा. वीस मिनिटं लागतात: आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगात. आठवड्यातून किमान दोनदा नियमाने केलं तर दुखापती खरंच कमी होतात. मुलींच्या संघात हे चुकवूच नका, त्यांच्यात गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट फाटण्याचा धोका जास्त असतो. वजनं उचलल्याने उंची खुंटते ही समजूत चुकीची आहे. देखरेखीशिवाय उचलणं मात्र चूक. आधी नुसती काठी घेऊन स्क्वॉट नीट होऊ द्या. गल्लीतल्या जिममधला पावडरचा डबा घरी आणू नका: काही डब्यांत बंदी असलेली द्रव्यं मिसळलेली सापडतात, आणि डोपिंगचे नियम अल्पवयीन खेळाडूलाही लागू असतात.

खाणं

सकाळची शाळा आणि साडेपाचचा सराव, यात भोक पडतं ते चार वाजता. दीड वाजता जेवलेला पोरगा रिकाम्या पोटी पळतो आणि शेवटच्या अर्ध्या तासात त्याचे निर्णय चुकतात. सव्वाचारला दोन केळी किंवा गूळपोळी द्या. सरावानंतर तासाभरात जेवण. प्रथिनं वजनाच्या किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम धरा. 50 किलोच्या मुलाला 80. शाकाहारी घरात ते जमतं: अर्धा लिटर दूध 16, शंभर ग्रॅम पनीर 18, दोन वाट्या उसळ 15, सहा पोळ्या 18, मूठभर शेंगदाणे 7-8, वाटीभर दही 4-5. सामन्याच्या सकाळी पोहे तीन तास आधी. मिसळ सामना संपल्यावर.

सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण लिटरभर घाम गेला. तेवढं पाणी आणि वर थोडं. एप्रिल-मेमध्ये फार घाम गेला तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू.

दहावी आणि कागद

जानेवारी ते मार्च सराव बंद करू नका, तीन दिवसांवर आणा. सहा आठवडे घरी बसून एप्रिलमध्ये थेट सामना खेळला की मांडीमागचा स्नायू जातो. पूर्ण बंद ठेवलाच असेल तर पहिल्या आठवड्यात निम्माच भार. जिल्हा-राज्य स्पर्धांची प्रमाणपत्रं जपा. क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि शाळेला आठवण तुम्हीच करून द्यायची असते.

सही करण्याआधी मुदत बघा. फिफाच्या नियमांत अठराखालच्या खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. एजंटला पालकांच्या लेखी संमतीशिवाय अल्पवयीन मुलाशी बोलताही येत नाही. अठराआधी परदेशी क्लबकडे नोंदणी ठरावीक अपवाद वगळता होत नाही, त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला "स्पेनमध्ये करार" म्हणून पैसे मागणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. पुणे एफसीच्या अकादमीतून आलेला आशिक कुरुनियन 2016 मध्ये स्पेनमधल्या व्हिल्यारेआल क्लबच्या क संघाकडे लोनवर (ठरावीक काळापुरता) गेला, तेव्हा तो 19 वर्षांचा होता.

आणि क्लबच बंद पडला तर काय, हे लेखी घ्या. पुण्याला याची सवय आहे: 2019 मध्ये एफसी पुणे सिटी संपला आणि आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) ती जागा हैदराबादला गेली. निवासी अकादमी वर्षाच्या मध्यात बंद झाली किंवा पोराला सोडलं तर शाळेचं काय, एनओसी (दुसऱ्या क्लबात जायला ना-हरकत पत्र) किती दिवसांत, दुखापतीचे रिपोर्ट कोणाकडे, हे तीन मुद्दे कागदावर हवेत. सोडलंच, तर एनओसी त्याच आठवड्यात मागा, वहीची प्रत स्वतःकडे ठेवा, आणि पीडीएफए लीगमध्ये ज्या क्लबात पूर्ण सामना खेळायला मिळेल तिथे नाव घाला. नावाजलेल्या क्लबाचा बेंच या वयाला उपयोगाचा नाही.