रबर धातूला का सोडत होते: माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात इंजिन माउंटिंगचे, म्हणजे इंजिनाला आधार देणाऱ्या रबर-धातूच्या भागांचे, रबर धातूपासून सुटू लागले, तेव्हा सर्वांचा संशय साच्याच्या तापमानावर गेला आणि दोन दिवस आम्ही १६० ते १७० अंशांच्या दरम्यान उगाच चाचपडत राहिलो. अखेर सुटलेला एक तुकडा मी खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. रबर आणि अ‍ॅढेसिव्ह यांच्यामध्ये जोड सुटला असता, तर अ‍ॅढेसिव्ह साच्यात रबर चिकटण्याआधीच पिकल्याची, म्हणजे कडक झाल्याची, शंका घेता आली असती. येथे मात्र प्रायमरचा, म्हणजे धातूवर सर्वांत आधी मारायच्या थराचा, राखाडी पापुद्रा अख्खा रबराबरोबर आला होता आणि उघड्या पोलादावर मोहरीएवढे तांबूस ठिपके होते. म्हणजे दोष मोल्डिंगच्या कितीतरी आधीचा होता. ब्लास्टिंग केलेले, म्हणजे बारीक कणांचा मारा करून साफ केलेले, धातूचे भाग रात्रभर क्रेटमध्ये पडून राहत आणि त्या दमट हवेत गंज धरत. शिवाय स्प्रे गनची नुसती हवा कोऱ्या कागदावर मारली, तर पाण्याचे थेंब उमटले. हवेच्या लाइनवर पाणी व तेल वेगळे करणारा फिल्टर बसवला, ब्लास्टिंगनंतर दोन तासांच्या आत प्रायमर मारण्याचे ठरवले आणि भागांना हाताचा घाम लागू नये म्हणून हातमोजे सक्तीचे केले, ज्यावरून थोडी कुरकुर झालीच. पुढच्या लॉटमधील नमुने ओढून तोडले, तेव्हा रबर मधोमध फाटले. जोड सुटला नाही.