जुनी सुपर्ब घ्यायचीये? आधी मागच्या सीटवर बसा

पुण्यात सेकंडहँड स्कोडा सुपर्ब बघायला गेलात की एजंट पटकन पुढचं दार उघडून तुम्हाला स्टिअरिंगवर बसवतो. बसू नका. आई-बाबांना सोबत न्या आणि तिघं मिळून आधी मागे बसा, कारण ही गाडी लोक मागच्या सीटसाठीच घेतात. आमचे बाबा मागे बसले, पाय लांब केले आणि म्हणाले "एवढ्यात आपला हॉल झाला असता". झालं, तिथेच ठरलं.

आता कुठली पिढी घ्यायची. पहिली आपल्याकडे २००४ ला आली, फोक्सवॅगनच्या पसाटचाच लांबवलेला प्लॅटफॉर्म (म्हणजे खालचा सांगाडा), इंजिन बॉनेटमध्ये उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं. भारी गाडी होती पण आता १५ वर्षं उलटून गेलीत म्हणजे पुन्हा रजिस्ट्रेशन, ग्रीन टॅक्स, वर पार्ट शोधत फिरा. हौस असेल तरच.

दुसरी २००९ ची, आणि गंमत तिच्यातच आहे. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, पहिलीपेक्षा कमी, २७६१ मिमी, तरी मागे जागा भरपूर, कारण इंजिन आडवं केलं आणि नाकाकडची वाचलेली जागा माणसांना दिली. डिकीचं झाकण दोन तऱ्हेने उघडायचं, नुसतं सेडानसारखं नाहीतर मागच्या काचेसकट. बघायला जाल तेव्हा दोन्ही तऱ्हेने चार-पाच वेळा उघडून बघा, एजंट वैतागला तरी चालेल. तिसरी २०१६ ला आली, व्हीलबेस २८४१, डिकी ६२५ लिटर, पण तो दोन झाकणांचा खेळ गेला, आता सगळं एकदमच उघडतं. या गाड्या आपल्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला शेंद्र्यात जोडल्या जायच्या.

पण खरं सांगू का, साल बघून गाडी ठरवू नका, गिअरबॉक्स बघून ठरवा. १.८ पेट्रोल ऑटोमॅटिकला ७ गिअरचा ड्राय क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) येतो, त्याचे क्लच तेलात बुडलेले नसतात, त्यामुळे सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या रांगेत इंच इंच सरकताना ते तापतात आणि झिजतात. त्या बॉक्सला २५० एनएमपेक्षा जास्त टॉर्क (इंजिनचा फिरवायचा जोर) झेपत नाही म्हणून तिसऱ्या पिढीत तेच इंजिन मॅन्युअलला ३२० एनएम देतं आणि ऑटोमॅटिकला २५० वरच थांबतं! डिझेलला ६ गिअरचा वेट क्लचवाला, म्हणजे तेलात बुडलेल्या क्लचचा आहे, शहरात तोच बरा, फक्त दर ६० हजार किमीला त्याचं तेल बदललंय का त्याची बिलं मागा, तोंडी "झालंय हो" चालणार नाही. बीएस६ हे प्रदूषणाचे नियम आल्यानंतर, २०२० पासून, डिझेल गेलं आणि १९० पीएसचं २.० पेट्रोल आलं, त्याला ७ गिअरचा असला तरी वेट क्लच आहे. माझं मत विचाराल तर बजेट असेल तर हीच. २०२३ ला विक्री बंद झाली, २०२४ ला फक्त १०० गाड्या आयात करून ५४ लाखाला विकल्या, त्या आपल्या कामाच्या नाहीत.

टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. जुन्या कात्रज घाटाच्या चढावर थांबवा, ब्रेक सोडा, हळू निघताना गाडी थरथरते का बघा, मग रिव्हर्समध्येही तेच करा. आणि हे सगळं करायच्या आधी, इंजिन रात्रभर थंड असताना सकाळी स्वतः स्टार्ट मारा. दुसऱ्या पिढीच्या १.८ मध्ये पहिले दोन-तीन सेकंद खडखड आली तर टायमिंग चेनचा टेन्शनर (इंजिनातली साखळी ताणून धरणारा भाग) मेकॅनिकला दाखवून घ्या. डिपस्टिकही काढून बघा, ही इंजिनं ऑइल पितात. डिझेलला चेनऐवजी बेल्ट असतो, तो कधी बदलला ते विचारा.

गाडीसोबत दारातल्या खाचेत छत्री येते, ती बघायला विसरू नका. दुसऱ्या पिढीत मागच्या डाव्या दारात एक, तिसरीत पुढच्या दोन्ही दारांत एकेक. खाच रिकामी असेल तर तेवढ्यावर भाव पाडा, मी हजार रुपये कमी करून घेतले.

आणि टोकन द्यायच्या आधी टेप घेऊन आपल्या पार्किंगमध्ये उतरा. तिसरी पिढी ४.८६ मीटर लांब आहे, पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या बिल्डिंगमध्ये खांब आणि मीटरबॉक्सच्या मधे ती कशी वळणार ते आधीच बघा. फक्त चेअरमन समोर असताना मोजू नका, ते दहा प्रश्न विचारतात.