सहा तास आणि दोन वर्षं: नवजात बाळांच्या मेंदूवरच्या संशोधनात येणाऱ्यांसाठी

रात्री फोन वाजतो आणि पलीकडून आवाज येतो, "मॅडम, बाळ रडलं नाही. दहाव्या मिनिटाला अपगार ४. कॉर्डचा पीएच ६.९२." अपगार म्हणजे जन्मानंतरच्या स्थितीचे दहापैकी गुण, आणि कॉर्डचा पीएच म्हणजे नाळेतल्या रक्ताची आम्लता; दोन्ही आकडे वाईट आहेत. मी आधी जन्मवेळ विचारते, कारण बाळाला थंड ठेवण्याचा उपचार (कुलिंग) सुरू करायचे सहा तास तिथून मोजायचे असतात.

जन्माच्या सुमारास ऑक्सिजन आणि रक्तपुरवठा कमी पडून मेंदूला इजा झालेल्या बाळांवरच्या संशोधनात मी बरीच वर्षं आहे. बालरोगाचं शिक्षण संपलं आणि रिसर्च फेलो म्हणून रुजू झाले, ती इथेच राहिले. या कामात येऊ पाहणारे अनेक जण भेटतात: डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्र किंवा सांख्यिकी शिकलेले. बहुतेकांना त्या सहा तासांची ओढ असते. मलाही तीच होती. पण आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं ते दीड-दोन वर्षांनी, तेच मूल चालत किंवा कडेवर बसून तपासणीच्या खोलीत येतं तेव्हा. ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. तुम्हाला ती आधीच माहीत असावी म्हणून हे लिहिते आहे.

सहाच तास का, हे आधी नीट समजून घ्या. पुरवठा तुटतो तेव्हा पेशींची ऊर्जा संपते. बाळाला श्वास दिला, रक्ताभिसरण सुरू झालं की मेंदूतली ऊर्जा बरीचशी सावरते आणि काही तास उसंत मिळते. मग पेशींची ऊर्जानिर्मिती पुन्हा ढासळते, झटके येतात आणि मोठं नुकसान या दुसऱ्या तडाख्यात होतं. उपचाराला वाव आहे तो मधल्या उसंतीत. न्यूझीलंडमध्ये अ‍ॅलिस्टर गन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मेंढीच्या गर्भांवर हे दाखवलं: डोकं दीड तासाच्या आत थंड करायला घेतलं तर मेंदू मोठ्या प्रमाणावर वाचतो, साडेपाच तासांनी घेतलं तर फायदा उरतो पण घटतो, आणि साडेआठ तासांनी, म्हणजे झटके सुरू झाल्यावर, फायदा दिसत नाही. बाळांवरच्या चाचण्यांची सहा तासांची मर्यादा या प्रयोगांवर उभी आहे. प्रोटोकॉलमधला प्रत्येक आकडा असा कुठून तरी आलेला असतो. पहिल्या महिन्यात तो कुठून आला हे शोधत बसलात तर वेळ वाया जाणार नाही.

२००५ साली दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एकीत डोकं थंड केलं होतं, दुसरीत संपूर्ण शरीर ३३.५ अंशांवर ७२ तास ठेवलं होतं. दुसरीत मृत्यू किंवा मध्यम-तीव्र अपंगत्वाचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत ६२ टक्के होतं, ते कुलिंगने ४४ टक्क्यांवर आलं. २००९ मध्ये ब्रिटनमधून संपूर्ण शरीराच्या कुलिंगचीच टोबी नावाची चाचणी आली. पुढे २०१३ च्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात ११ चाचण्यांतल्या १,५०५ बाळांची माहिती एकत्र केली गेली. हिशेब असा निघाला की साधारण सात बाळांना कुलिंग दिलं तर एका बाळाचा मृत्यू किंवा मोठं अपंगत्व टळतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आनंद झाला. मग उरलेल्या सहा बाळांचं काय, हा प्रश्न पडला. आजचं बहुतेक सगळं संशोधन त्या सहांसाठीच चाललं आहे.

आता कामाचं. सगळ्यात आधी तपासणी शिका. हार्वे आणि मार्गारेट सार्नाट यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या टप्प्यांवर आजही बाळं अभ्यासात घेतली जातात. शुद्ध, हालचाल, शरीराची ठेवण, स्नायूंचा ताण, चोखणं आणि मोरोसारख्या (दचकून हात पसरण्याच्या) प्रतिक्षिप्त क्रिया, बाहुल्या-ठोके-श्वास, अशी सहा अंगं बघायची. वाचायला सोपं आहे. पण चार तासांच्या बाळाजवळ उभं राहिलात की कळतं: हातमोजा घातलेलं बोट त्याच्या तोंडात ठेवलंय, जीभ किंचित हलतेय, आणि याला "कमकुवत चोखणं" म्हणायचं की "चोखणं नाही" म्हणायचं हे तुम्हालाच ठरवायचं आहे. त्या एका शब्दावर बाळ अभ्यासात येणार की नाही हे ठरू शकतं.

माझा सल्ला असा की आजारी बाळांना हात लावण्याआधी निदान पन्नास धडधाकट बाळं तपासा. एक दिवसाचं निरोगी बाळ किती ताठ असतं, उठवल्यावर किती वेळ जागं राहतं, त्याची बोटं कशी मिटलेली असतात, हे हाताला माहीत झालं पाहिजे. दुसरं, झटक्यांचं किंवा झोपेचं औषध देण्याआधी तपासणी उरकता आली तर उत्तम. नाही जमलं तर औषधाचं नाव आणि वेळ तपासणीशेजारीच लिहा. फेनोबार्बिटोनने झोपलेलं बाळ आणि मेंदूच्या इजेने झोपलेलं बाळ कागदावर सारखीच दिसतात.

एईईजीबद्दलही थोडं सांगते. मेंदूतल्या विजेच्या हालचालीची नोंद आखडून एका पट्ट्यात दाखवतात, ती ही. पट्टा बघून "खालची कड पाच मायक्रोव्होल्टच्या वर आहे, म्हणजे ठीक" असं पटकन म्हणू नका. व्हेंटिलेटरची थरथर किंवा हृदयाचे ठोके मिसळले की पट्टा उगाच वर उचलला जातो. खालची मूळ ईईजी उघडून बघायची सवय लावा. ज्या बाळाचा हात उचलला तर निर्जीव पडतो त्याचा पट्टा छान दिसत असेल, तर आधी पट्ट्यावर शंका घ्या.

पहिल्या वर्षातली माझी एक चूक सांगते. एका बाळाला आम्ही जन्मानंतर पाच तास पंचावन्न मिनिटांनी अभ्यासात घेतलं. महिनाभराने अभ्यासाच्या नोंदी पडताळणाऱ्या माणसाने, मॉनिटरने, कागद तपासले आणि विचारलं, जन्मवेळ कोणत्या घड्याळावरची? प्रसूतीगृहातलं घड्याळ आमच्या एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) घड्याळापेक्षा अकरा मिनिटं पुढे होतं. जन्मवेळ लिहिली होती तशीच धरली तर ते बाळ सहा तासांच्या आत होतं, आणि ती आमच्या घड्याळात बसवली तर बाहेर. मी कुणाशीच ताडून बघितलं नव्हतं. मर्यादाभंगाची नोंद झाली, एथिक्स कमिटीला कळवावं लागलं, आणि त्या बाळाच्या नावापुढे आजही ती टीप आहे. तेव्हापासून दर सोमवारी दोन्ही ठिकाणची घड्याळं जुळवून त्याची सही मी वहीत घेते. नवीन माणसांना हे काम क्षुल्लक वाटतं. मी त्यांना ते कागद दाखवते.

दुसरा प्रसंग यंत्राचा. कुलिंगमधल्या बाळाच्या गुदद्वारात पाच-सहा सेंटिमीटर आत तापमानाचा प्रोब असतो. त्यावरून यंत्र गादीतलं पाणी गार किंवा गरम करतं. एका पहाटे पडद्यावर तापमान ३३.५ वरून ३२.९ वर आलेलं दिसलं. मी नोंद केली आणि यंत्र सावरून घेईल म्हणून थांबले. सिस्टरने बाळाच्या पाठीखाली हात घातला आणि म्हणाल्या, "मॅडम, गादी गरम लागतेय. आणि बाळही." प्रोब सरकून बाहेर आला होता. तो खोलीची हवा मोजत होता आणि बाळ गार पडतंय असं समजून यंत्र त्याला तापवत होतं. प्रोब नीट बसवला तेव्हा खरं तापमान ३४.६ निघालं. इजा झालेल्या मेंदूला ऊब बाधते, म्हणूनच तर सगळा खटाटोप. आकडा बदलला की आधी बाळाला हात लावायचा, मग यंत्राकडे बघायचं, हे मला त्या सिस्टरनी शिकवलं. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला मी पहिले दोन आठवडे सिस्टरांच्या पाळीत बसवते. ठोके मिनिटाला ९० वर आले तरी कुलिंगमध्ये ते अपेक्षित असतं, पण बाळ कुडकुडत असेल तर त्याला त्रास होतोय, हे तिथेच कळतं.

संमतीविषयी मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. आई अजून ऑपरेशन थिएटरमध्ये असते. बाप दारात उभा असतो, त्याच्या हातात आईची पिशवी असते. तासाभरापूर्वी तो पेढ्यांचा विचार करत असेल आणि आता आपण त्याला रँडमायझेशन (चिठ्ठी टाकल्यासारखी गटांची वाटणी) समजावत असतो. माहितीपत्रक वाचायला लागू नका. बसा, त्यालाही बसवा. आधी बाळ कसं आहे ते सांगा, मग थोडं थांबा. अभ्यासाबद्दल तीन-चार वाक्यांत सांगा: दोन पद्धती आहेत, कोणती बरी हे आम्हाला खरंच माहीत नाही, तुमचं बाळ कोणत्या गटात जाईल हे आम्ही ठरवत नाही, आणि "नाही" म्हणालात तरी उपचारात काडीचा फरक पडणार नाही. हमखास प्रश्न येतो, "डॉक्टर, तुमचं बाळ असतं तर?" याचं उत्तर तुमच्याकडे प्रामाणिकपणे "मलाही माहीत नाही" असं नसेल, तर त्या अभ्यासात तुम्ही काम करू नये.

सही झाली म्हणजे संमती संपली असंही नाही. दुसऱ्या दिवशी आईकडे जा. तिसऱ्या दिवशी दोघांना पुन्हा सगळं सांगा. पहिल्या रात्रीचं बोलणं बहुतेकांना आठवत नसतं, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही. एका आईने मला चौथ्या दिवशी विचारलं होतं, "कसला अभ्यास?" बाळाच्या वडिलांची सही आमच्याकडे होती. आम्ही तिच्याजवळ तासभर बसलो. ती "चालू ठेवा" म्हणाली, पण "बंद करा" म्हणाली असती तरी त्याच क्षणी बंद केलं असतं.

निकाल आपल्याला हवा तसा लागत नाही, याचीही तयारी ठेवा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जास्त वेळ आणि जास्त खोल कुलिंग करून पाहिलं गेलं. फायदा दिसेना आणि सुरक्षिततेचीही काळजी वाटू लागली म्हणून ती चाचणी मध्येच थांबवली. कुलिंगच्या जोडीला एरिथ्रोपोएटिन या औषधावर सगळ्यांची मोठी भिस्त होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हील चाचणीत सुमारे ५०० बाळं होती, औषधाचा फायदा झाला नाही आणि गंभीर त्रास मात्र वाढले. माझ्या मनावर सगळ्यात खोल परिणाम केला तो २०२१ च्या हेलिक्स चाचणीने. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात एनआयसीयूंमधली ४०८ बाळं. मृत्यू किंवा मध्यम-तीव्र अपंगत्व कुलिंग गटात ५० टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के. नुसते मृत्यू पाहिले तर कुलिंग गटात ४२ टक्के आणि दुसऱ्या गटात ३१ टक्के. इतरत्र जीव वाचवणाऱ्या उपचाराचं हे असं झालं. मेंदूची इजा प्रसूतीच्या बरीच आधी सुरू झालेली असावी, उसंतीचा काळ जन्माआधीच सरून गेला असावा, अशी शक्यता मांडली गेली आणि वादही झाले. मला त्यातून एक कळलं: "मृत्यू किंवा अपंगत्व" असा एकत्र मोजलेला निकाल वाचताना दोन्ही आकडे नेहमी सुटे करून बघायचे. आणि एका ठिकाणचं उत्तर दुसऱ्या ठिकाणी तपासून बघणं हे दुय्यम काम नाही.

आता फॉलो-अप, म्हणजे घरी गेलेल्या बाळांचा पाठपुरावा. नवीन माणसाला ही जबाबदारी दिली की तो जरा हिरमुसतो. पण साठ बाळांपैकी बारा दोन वर्षांनी सापडली नाहीत, तर पहिल्या रात्रीची सगळी धावपळ लंगडी पडते. न सापडणारी मुलं अनेकदा सगळ्यात त्रासात असलेली असतात, किंवा अगदी ठणठणीत असतात. आपल्याला त्यातलं काहीच कळत नाही. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच आई, बाबा, आजी, मामा असे तीन-चार नंबर परवानगीने घ्या. दर तीन महिन्यांनी फोन करा आणि तेव्हा तारीख मागू नका, बाळाची चौकशी करा. दात आले का, बसतं का, रात्री झोपतं का. फोनवर आई गप्प झाली तर तेही ऐका आणि तपासणीची तारीख पुढे न ढकलता अलीकडे आणा. हातपाय कडक होत असतील तर व्यायाम लवकर सुरू व्हायला हवेत, त्यासाठी अभ्यासाच्या ठरलेल्या तारखेची वाट बघायची नसते.

तपासणीच्या दिवशी बेलीची (मुलाच्या विकासाची) चाचणी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला मूल कोणत्या गटातलं हे ठाऊक नसतं. आईला दारातच विनवून सांगावं लागतं की मशीनवर ठेवलं होतं की नाही ते आत बोलू नका. एकदा सगळं नीट समजावलं आणि आत गेल्या गेल्या आजी म्हणाल्या, "तीन दिवस बर्फासारखं गार ठेवलं होतं हो माझ्या नातवाला." त्या दिवशीची तपासणी दुसऱ्या परीक्षकाकडून करून घ्यावी लागली. आता मी आजींनाही वेगळं बसवून सांगते.

ज्यांचं बाळ गेलं त्या घरांना निकाल कळवायचा का, हे आधीच विचारून ठेवा. काहींना नको असतं. एका वडिलांनी हवा म्हणून सांगितलं होतं. निकाल लागल्यावर मी फोन केला, आकडे सोप्या भाषेत सांगितले, दोन गटांत फरक दिसला नाही हेही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "आमची ती त्यात मोजलीय ना?" मी म्हटलं, मोजलीय. त्यांनी तिची जन्मवेळ सांगितली, मिनिटासकट, आणि विचारलं की आमच्याकडे तीच लिहिलेली आहे का. मी फाइल उघडून बघितली. तीच होती.